तीन सेफ्टी पिना

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पाऊण तास मी स्वतःच्याच बाथरूममध्ये कोंडून पडले होते. कडी आतून अडकली. शेवटी खिडकीतून मागच्या फायर स्टेशनकडे तोंड करून हाका मारल्या. ज्यांच्या भोंग्याविरुद्ध आजवर सहा लेखी तक्रारी केल्या, त्यांनाच हाका मारायची वेळ माझ्यावर यावी! सातवी तक्रार अर्धी लिहून जेवणाच्या टेबलावर तशीच पडली होती.

एक ताडमाड बंबवाला शिडी लावून गॅलरीतून आत आला. दाराबाहेरून म्हणाला, "घाबरू नका हं, आजी."

"आजी कोणाची? आणि घाबरलंय कोण?" मी आतून विचारलं. "बूट पुसून आलात का?"

पुसून आलेला नव्हता. कडी मात्र त्याने दोन मिनिटांत काढली. येताना गॅलरीच्या खिळ्यात अडकून त्याची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत फाटली होती. पाणी पिता पिता त्याने टेबलावरची तक्रार वाचली. लपूनछपून नव्हे, चांगली उभं राहून वाचली. म्हणाला, "भोंगा नुसता 'कर्कश' लिहिलाय तुम्ही. 'कर्णकर्कश' करा. आमच्या साहेबांवर साध्या शब्दांचा परिणाम होत नाही."

याला मी लंबू म्हणणार. आभार मानायचे राहून गेले. लादीवरचे बुटांचे ठसे बघून डोकं फिरलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

स्वयंपाकघराच्या गॅलरीतून स्टेशनचं मागचं अंगण दिसतं. तिथे त्यांच्या कपड्यांची दोरी आहे. आठ दिवस मी ती फाटकी बाही बघते आहे. आज कोणीतरी ती शिवलेली दिसली. गडद निळ्या शर्टावर पांढरा दोरा, तोही आडवातिडवा! ही काय शिलाई झाली? शर्टाची शस्त्रक्रिया केल्यासारखी दिसते.

मग बाकीच्या कपड्यांकडे लक्ष गेलं आणि नको ते बघितल्यासारखं झालं. कॉलर उसवलेली, बटणं वेगवेगळ्या घराण्यांतली, खिसे लोंबकळणारे. ही माणसं आगीत शिरतात आणि यांच्या नेफ्यात नाडी धड नाही.

मोठ्या इस्पितळाची लिनन रूम मी चौतीस वर्षं सांभाळली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं माझ्या हाताखालून जायचं. एकाही पेशंटला, अगदी मेलेल्यालासुद्धा, माझ्या चादरीला नाव ठेवता आलं नाही. आणि रिटायर झाल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हे!

१२ फेब्रुवारी, बुधवार

केलं एकदाचं.

रोज चार वाजता सगळे बंबवाले पुढच्या मैदानात कवायतीला जातात. मागे कोणी नसतं. आमच्या आवारातली भिंत एका जागी ढासळली आहे, तिथून पाय टाकला की पलीकडे. गुडघ्यांनी कुरकुर केली, मी ऐकली नाही. बाहीवाला शर्ट आणि आणखी दोन उचलले, पिशवीत घातले, परत. एकूण सात मिनिटं.

तोंडावर जाऊन "शिवून देते" म्हणायला काय झालं होतं, असं कोणी विचारेल. सहा तक्रारी केलेली बाई सातवी तक्रार आणि शिवलेला शर्ट एकाच हाताने कसा देणार? तक्रारीची धार जाते. शिवाय शिवण शिकवणाऱ्या मदर कॉन्व्हेंट शाळेत सांगायच्या, की चांगलं काम करून खाली सही करणारी मुलगी काम करत नाही, जाहिरात करते. आमच्या वर्गात रुमालावर स्वतःचं नाव भरलं म्हणून एकीला तो अख्खा उसवायला लावला होता. ती एक मीच.

तिन्ही शर्ट रात्री जेवणाआधीच झाले. उद्या चार वाजता परत दोरीवर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सातवी तक्रार स्वतः नेऊन दिली. ('कर्णकर्कश' केलं. शब्द चांगला आहे.)

टेलिफोनच्या टेबलाशी मी आजवर न पाहिलेला मनुष्य. पांढऱ्या मिशा, पाठ ताठ, केस बारीक. मी समोर उभी, आणि हा बसून! मी घसा खाकरला. तो म्हणाला, "बसा ना, बाई."

"मी बसायचं म्हणत नाहीये. बाईमाणूस आलं की उभं राहण्याची पद्धत होती पूर्वी."

"मला उभं राहायला जरा वेळ लागतो," तो म्हणाला. "तोवर तुमचं काम होऊन जाईल."

"का? खुर्चीला चिकटला आहात?"

"जवळजवळ," असं म्हणून हसला. उद्धट!

बाहेर लंबू भेटला. मी न विचारताच त्याने माहिती पुरवली. हे माजी सैनिक आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. पाच महिने तात्पुरते टेलिफोनवर आहेत. तेरा मार्चला मुख्य कार्यालयाचे मोठे साहेब तपासणीला येणार, तेव्हा ठरणार, कायम की घरी. घरी म्हणजे कुठे, ते काकांनाही ठाऊक नाही. बायको गेली, घर गेलं, सध्या स्टेशनातल्याच खोलीत खाट टाकून राहतात. कायम झाले तर खोली राहील आणि गणवेशाचा दुसरा जोड मिळेल. तोवर एकच.

मी म्हटलं, "मग पहिल्यांदा उभं राहायला शिकवा त्यांना."

लंबू एकदम बंबाचं चाक तपासायला वाकला. बोलघेवडा माणूस, पण ऐन वेळी कामाला लागतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजवर एकोणीस कपडे झाले. कोणाला पत्ता नाही. धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. तिला सांगावंच लागतं.

"ताई, तू चोऱ्या करतेस?"

"परत ठेवते त्याला चोरी म्हणत नाहीत."

"तो उंच टॉवर आहे ना त्यांचा? त्यावरून दिसत नाहीस का तू?"

"वर एक जण उभा असतो. पण तो शहरात कुठे धूर दिसतो का ते बघतो. माझ्याकडे कशाला बघेल?"

"लाल स्वेटर घालून जातेस?"

"थंडी असते चार वाजता. मग काय घालू?"

ती बराच वेळ हसत होती. तिला लहानपणापासून कशाचंही हसू येतं. मदर तिला वर्गाबाहेर उभी करायच्या ते योग्यच होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काही निरीक्षणं.

एक. भिंतीच्या पडक्या जागी कोणीतरी चार विटा पायरीसारख्या रचून ठेवल्या आहेत. पाय टाकायला बरं पडलं, पण आवारात असं काहीबाही रचून ठेवणं हा बेशिस्तपणा आहे. तक्रार करता येत नाही, कारण मला त्या दिसायलाच नको होत्या.

दोन. आज भिंतीवर कोणीतरी कपभर चहा बशीने झाकून विसरून गेलं. वाया जाऊ नये म्हणून प्यायले. साखर कमी होती, मला लागते तशी.

तीन. दोरीवर हल्ली गणवेशाव्यतिरिक्त वस्तू दिसतात. लहान मुलीचा फ्रॉक, एक पडदा, छत्रीचं कापड. आणि आज एक चिंध्यांची बाहुली, हात तुटलेला, दोन चिमट्यांनी नीट टांगलेली. फ्रॉक बहुतेक आगीतून सोडवलेल्या एखाद्या मुलीचा असावा. बाहुलीचं कोडं मात्र सुटेना. मग लक्षात आलं, माणसांना वाचवायचा सराव करायला बाहुल्या लागतात यांना. इतक्या लहान लागतात हे माहीत नव्हतं. असो. हात असा पक्का लावून दिला आहे की तिला आता कुठल्याही मजल्यावरून खाली टाकावं.

१२ मार्च, बुधवार

उद्या तपासणी. सकाळपासून स्टेशनात धुणं-पुसणं चालू आहे. बंब तर असे चमकवले आहेत की त्यात बघून भांग पाडावा.

चार वाजता गेले. दोरीवर एकच पँट होती, चुरगळलेली. उलटून बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डाव्या पायाची आतली शिवण टाचेपासून गुडघ्यापर्यंत सताड उघडी! आणि ती जोडायला काय? तीन सेफ्टी पिना. गणवेशाला! मोठे साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी! कमरेच्या पट्टीवर टेलिफोनचं चिन्ह होतं, म्हणजे त्या मिशीवाल्याची. माणूस उद्धट खरा, पण त्याची नोकरी पिनांवर लोंबकळत ठेवण्याइतकी मी दुष्ट नाही.

पिना काढून डबीत टाकल्या. साधा दोरा नको म्हणून ठेवणीतला मेणदोरा काढला. इस्पितळात स्ट्रेचरचं जाड कापड आम्ही याने शिवत असू. दुहेरी बखिया घातली, वरून आणखी एक टीप. इंचाला बारा टाके. आता दोन बैल लावून ओढली तरी उसवायची नाही. कडक इस्त्री केली आणि उद्यावर न टाकता सहाच्या आत परत दोरीवर लावून आले.

उद्या त्या माणसाची नोकरी पक्की होईल आणि का झाली ते त्याला कधी कळणारही नाही. याचं समाधान काही वेगळंच असतं.

१३ मार्च, गुरुवार

तपासणी असली म्हणून काय झालं? पावणेनऊला भोंगा तीनदा वाजवून बघितला. तीनदा! नऊच्या ठोक्याला मी ऑफिसच्या नंबरावर फोन लावला. (तातडीच्या नंबरावर तक्रार करण्याइतकी मी अडाणी नाही.) घंटा वाजते आहे, वाजते आहे, कोणी उचलेना. मी मोजल्या. अकरा!

शेवटी एका जड, अनोळखी आवाजाने "हॅलो" केलं. मी सोडलं नाही.

"अकरा घंटा झाल्या! तेवढ्यात माणसाचा कोळसा होईल. टेलिफोनवर बसतं कोण तुमच्याकडे? पुतळा?"

"किती घंटा म्हणालात?" त्याने शांतपणे विचारलं.

"अकरा. हवं तर लिहून घ्या."

"लिहितोच आहे. आपलं नाव?"

"एक जबाबदार नागरिक."

"आभारी आहे. याची योग्य ती दखल घेतली जाईल."

आजवरच्या सगळ्या तक्रारी एकीकडे आणि हा फोन एकीकडे. त्या स्टेशनात ऐकून घेणारं कोणीतरी आलं म्हणायचं. गडबडीत भोंग्याचं सांगायचं राहिलं, पण हरकत नाही. दिवसभर हलकं वाटतं आहे.

तो मिशीवाला कुठे उलथला होता कोण जाणे. पँट घालून आरशासमोर मिरवत असेल.

१४ मार्च, शुक्रवार

दोरी रिकामी. चारला कवायतही झाली नाही.

१५ मार्च, शनिवार

दहा वाजता लंबू आला. पुढच्या दाराने, बूट पुसून. हातात ती पँट, घडी घातलेली.

"बाई, एवढी उसवून द्या."

"उसवून? इतकी चांगली शिवलेली..." आणि मग मी जीभ चावली. "मला काय सांगता? मी कशाला—"

"पुरे आता, बाई. बारा फेब्रुवारीपासून माहीत आहे आम्हाला."

"काय माहीत आहे?"

"टॉवरवरून तुमची गॅलरी दिसते. तुमचं मशीन दिसतं. चष्मा डोक्यावर असतो आणि तुम्ही तो टेबलाखाली शोधता, तेही दिसतं."

मला कुठे बघू कळेना. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही बंद केलं असतं. आमच्या स्टेशनच्या साहेबांनी हुकूम काढला, चार ते साडेचार मागे कोणी फिरकायचं नाही. एरवी आमची कवायत पंधरा मिनिटांची असते. तुमच्यासाठी दुप्पट केली. पोटऱ्या भरून येतात रोज."

"आणि तो फ्रॉक?"

"माझ्या मुलीचा."

"बाहुली?"

"तीही तिचीच. पडदा साहेबांच्या घरचा. छत्री कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही."

एरवी मी त्याला शिडीसकट हाकलला असता. पण तो हसत नव्हता.

मग त्याने सांगितलं. काकांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. तिथे बनवलेला पाय आहे, त्याचा घोटा वळत नाही. बूट घातलेलं ते पाऊल पँटीच्या नळीतून जात नाही, म्हणून काकांनी ती शिवण स्वतः ब्लेडने उघडली होती. पँट चढवायची, मग पिना लावायच्या. गुरुवारी सकाळी ती चढेना. सगळे पुढे रांगेत उभे, मदतीला कोणी नाही. काका ब्लेड घेऊन बसले, पण मेणदोरा तुटेना, अंगठा मात्र कापला. शेवटी आगीत घालायची ढगळ रबरी विजार चढवून आले, वीस मिनिटं उशिरा. तोवर इकडे फोन वाजत होता. मोठ्या साहेबांनी स्वतः उचलला.

"नेमकी तेव्हाच कोणी बया टपकली फोनवर," लंबू म्हणाला. "अकरा घंटा मोजल्या म्हणे तिने. अहवालात पहिल्या ओळीत तेच आहे."

मी पाणी प्यायले. मग विचारलं, "पँट कोणी शिवली ते सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही ना! मोठ्या साहेबांनी खोदून खोदून विचारलं, गणवेश का नाही? काका म्हणाले, पोट सुटलंय साहेब, पँट बसत नाही. नंतर आम्ही भांडलो त्यांच्याशी. तर म्हणतात, त्या बाईला वाटतं की कोणाला माहीत नाही, तेवढं एक तिचं राहू द्या."

लंबूला ती बया कोण ते माहीत नाही. मी सांगितलंही नाही. पँट ठेवून घेतली आणि त्याला जायला सांगितलं.

१६ मार्च, रविवार

इंचाला बारा टाके. उसवायला तीन तास लागले.

१७ मार्च, सोमवार

मुख्य कार्यालयात गेले. सव्वा तास बाकावर बसवलं. आत त्या जड आवाजाचे मोठे साहेब, टेबलावर काचेखाली नातवंडांचे फोटो. मी पिशवीतून पँट काढून फोटोंवर ठेवली.

"हे काय?"

"पुरावा. तुमच्या अहवालातल्या मनुष्याचं पोट सुटलेलं नाही. ही मी शिवून बंद केली होती."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणी नाही. तीच तर चूक."

मी सगळं सांगितलं, भिंतीपासून बाहुलीपर्यंत. ते पेन्सिलीने टकटक करत ऐकत होते. मग म्हणाले, "ते ठीक आहे, बाई. पण फोन अकरा वेळा वाजला हे खरंच आहे. एका नागरिकाने स्वतः मोजलं."

इथे गप्प बसता आलं असतं. कोणाला कळणार होतं?

"तो नागरिक मीच," मी म्हटलं.

पेन्सिल थांबली. "म्हणजे पँट शिवणारी व्यक्ती निनावी, आणि ती पँट चढत नाही म्हणून फोन उचलला गेला नाही, अशी तक्रार करणारी व्यक्तीही निनावी. आणि दोन्ही तुम्ही."

"हो. आणि भोंग्याबद्दलच्या सात अर्जांखाली मात्र पूर्ण सही आहे. तेवढ्या सह्या इकडे करायला हव्या होत्या."

त्यांना हसू आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. लेखी मागितलं. मी तिथेच लिहून दिलं, चांगल्या अक्षरात, नाव आणि पूर्वीच्या हुद्द्यासकट. तरी नियम तो नियम. सत्तावीस तारखेला पुन्हा चाचणी. खाटेवर आडवं असताना भोंगा वाजेल, तिथून पूर्ण गणवेशात तीन मिनिटांत फोनपाशी. आणि सुट्या पिना चालणार नाहीत, टोचल्या तर जबाबदारी कोणाची?

म्हणजे शिवण बंद ठेवली तर पाय जात नाही, आणि उघडी ठेवली तर नोकरी जाते.

१८ मार्च, मंगळवार

पुढच्या दाराने गेले. टेलिफोनच्या टेबलापाशी. या वेळी ते उभे राहायला लागले, तर मीच ओरडले, "बसा!"

"पद्धत होती ना, बाई, पूर्वी?"

मी मापाची टेप काढली. क्षमा मागायचं वाक्य घरून पाठ करून नेलं होतं. तोंडातून निघालं ते असं: "ब्लेडने कापतात का कोणी गणवेश? शिंप्याकडे न्यायला काय झालं होतं?"

"शिंपी विचारतो, काय झालं होतं. आणि मग ऐकत बसतो. मला नाही आवडत."

"मी नाही विचारत."

पाय मोजला. कातडी पट्टे, खाली बूट घातलेलं न वळणारं पाऊल. तीन मिनिटांनी मी विचारलं, "लढाईत?"

ते खो खो हसले. "नाही विचारत म्हणालात ना! लढाईत कसला, आमच्याच ट्रकखाली. ड्रायव्हर वाट चुकला, मी मागे उभा राहून त्याला हात दाखवत होतो, येऊ दे, येऊ दे. आला."

मी टेप गुंडाळली. मग म्हटलं, "चुकलं माझं." ऐकू गेलं की नाही माहीत नाही, कारण तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

२१ मार्च, शुक्रवार

चेन लावायची असं ठरवलं आहे. आत कापडाची पट्टी, म्हणजे चेन बाहेरून दिसणार नाही. आज पहिला प्रयत्न केला. जाकिटाला असते तशी, खालून वर जाणारी. काकांना घोट्यापाशी वाकून टोकात टोक जुळवायला लागलं. चार मिनिटं त्यातच गेली. वर चेन पायाच्या कातडी पट्ट्याच्या बकलात अडकली ती वेगळीच. लंबूने शेवटी पक्कड आणली. "आगीतून बायका-मुलं काढली, पण पँटीतून काका पहिल्यांदाच," म्हणाला. मी त्याला बाहेर काढला.

"उलटी लावा," काका म्हणाले. "गुडघ्यापासून खाली सरकणारी. माझा हात आधीच गुडघ्यापाशी असतो."

"अशी चेन लावत नाहीत कुठे."

"असा पायही लावत नाहीत कुठे, बाई."

उलटी लावते आहे.

२६ मार्च, बुधवार

काल अडीच मिनिटं. आज एकदा दोन मिनिटं दहा सेकंद, आणि एकदा पावणेचार, कारण घाईत उजवा पाय डाव्या नळीत घातला. त्यांच्यापेक्षा मीच जास्त ओरडले. धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, उद्या तुझी परीक्षा आहे की त्याची?"

मूर्ख प्रश्न आहे. झोपते आता.

२७ मार्च, गुरुवार

मला कोणी बोलावलं नव्हतं. गेले. टेलिफोनच्या खोलीबाहेर सगळे बंबवाले भिंतीला टेकून उभे होते, आणि सगळ्यांचे शर्ट मी शिवलेले. मोठ्या साहेबांच्या हातात घड्याळ. त्यांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं.

भोंगा झाला. आतल्या खोलीत खाट करकरली. मग काहीच नाही. मग बूट आपटल्याचा आवाज, मग पुन्हा काही नाही. मी मनात म्हणत होते, उजवा उजव्यात, डावा डाव्यात. आणि मग आली ती चेन, एका दमात, वरून खाली, सर्रकन. जन्मात इतका गोड आवाज ऐकला नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. मोठ्या साहेबांनी कोणाला तरी लावायला सांगून ठेवला होता, लबाड माणूस! एक घंटा. दोन. काका दारातून आले. इस्त्री मोडलेली नाही, पट्टा सरळ. तिसरी घंटा पुरी व्हायच्या आत त्यांच्या हातात रिसीव्हर.

"फायर स्टेशन. बोला."

दोन मिनिटं पाच सेकंद. मोठ्या साहेबांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली. वाकून डाव्या पायाची आतली बाजू बघितली. त्यांना चेन सापडेना! दोनदा चष्मा पुसला, तरी सापडेना. शेवटी काकांनीच बोट ठेवून दाखवली.

"ठीक," मोठे साहेब म्हणाले आणि कागदावर सही केली.

लंबूने मला उचललं. मी त्याला म्हटलं, खाली ठेव, गाढवा. त्याने बराच वेळ ठेवलं नाही.

३१ मार्च, सोमवार

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर चादरीचं गाठोडं. चिठ्ठी नाही, नाव नाही. आत सात पँटी. सगळ्या धुतलेल्या, सगळ्यांची शिवण उघडलेली, काही ब्लेडने, काही कात्रीने, एक तर बहुतेक दातांनी. कुठे पिना, कुठे तारेचा तुकडा, कुठे चिकटपट्टी.

स्टेशनला फोन लावला.

"माझ्या दारात गाठोडं कोणी ठेवलं?"

"कसलं गाठोडं?" काका म्हणाले. "इथे फक्त आगीची माहिती मिळते, बाई."

"तुमच्यासारखे आणखी कितीजण आहेत?"

"मी कोणालाच ओळखत नाही. पाय बसवून घ्यायला जातो तिथे बाकावर सगळे शेजारी शेजारी बसतात, एवढंच. कोणी कोणाला विचारत नाही."

"बरं. मग मीही विचारत नाही. पण गुरुवारी चारपर्यंत होतील, आणि त्या वेळी मी दाराकडे पाठ करून बसलेली असेन. ज्याला न्यायच्या त्याने न्याव्या."

"कळवतो," ते म्हणाले. मग घाईने, "म्हणजे, कोणाला कळवणार? मी ओळखतच नाही कोणाला."

चहा घेऊन पँटी लावायला बसले. डाव्या पायाच्या चार, उजव्याच्या दोन. सातवी हातात घेतली, उलटली, पुन्हा सुलटी केली. दोन्ही नळ्या उघडलेल्या आहेत, टाचेपासून गुडघ्याच्याही वर. कंबर जेमतेम सत्तावीस इंच. काप अगदी सरळ आहेत, मापून घेतलेले, कडा उसवू नयेत म्हणून हाताने टाके घातलेले. ज्याने कोणी केलं त्याला शिवण येतं.

हिला दोन चेना लागतील. हीच आधी घेते.